१४ रात्री, ६ शहरं आणि २३ महिन्यांची लेक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात १४ रात्रींचा युरोप, त्यात पॅरिस, ॲम्स्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस आणि रोम अशी सहा शहरं, बरोबर २३ महिन्यांची मुलगी आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. एवढं जमेल का, आणि जमवायचं तर आधी काय काय ठरवायचं?

जमायला जमेल. विमानं आहेत, गाड्या आहेत, पैसे मोजले की सगळं हलतं. पण परत याल तेव्हा हाती सहा स्टेशनांचे फोटो, कडेवर किरकिरणारी मुलगी आणि मनात "पुन्हा म्हणून नाही" एवढंच असेल. लहान मुलांच्या घरांसाठी सहली आखण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे, त्या अनुभवावरून सांगते: सहापैकी चार शहरं आत्ताच कापा.

हिशोब करून दाखवते. युरोपात बहुतेक ठिकाणी खोली सकाळी दहा-अकराला सोडायची असते आणि नवी खोली दुपारी तीनच्या सुमारास मिळते. या वयाची मुलं दिवसा एकदाच झोपतात, साधारण साडेबारा ते अडीच. म्हणजे शहर बदलायच्या दिवशी तुमच्या मुलीला झोप येणार नेमकी त्या वेळी, जेव्हा तुमच्याकडे एकही खोली नसते. गाडीत झोपली तर नशीब. नाही झोपली तर चारनंतर भोकाड, रात्री अतिदमल्यामुळे अर्धवट झोप आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून चिडचिड. सहा शहरं म्हणजे असे पाच दिवस. प्रत्येकाच्या मागचा अर्धा दिवस त्यात धरला तर चौदातला निम्मा प्रवास सामान बांधण्यात आणि मुलीची समजूत काढण्यात गेला. दोन शहरं घेतलीत तर असा दिवस एकच येतो.

तुमच्या यादीतली शहरं वाईट आहेत असं नाही, पण ती सारखी सोपीही नाहीत. व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल आहेत आणि जवळजवळ सगळ्यांना पायऱ्या आहेत. बाबागाडी तिथे दर दोन मिनिटांनी उचलावी लागते, आणि तीच गत सासूबाईंच्या गुडघ्यांची. रोमचे लोक लहान मुलांवर जीव टाकतात, पण रस्त्यांवरच्या त्या काळ्या चौकोनी दगडांवरून छोट्या चाकांची बाबागाडी अक्षरशः नाचते. प्रागच्या जुन्या शहरातही दगडी फरसबंदी, वर किल्ल्याचा चढ. तिथल्या नामेस्ती मीरू या मेट्रो स्टेशनचा सरकता जिना ८७ मीटर लांब आहे. मुलीला तो फार आवडेल, सासूबाईंना मुळीच नाही.

माझं मत विचाराल तर व्हिएन्नात ८ रात्री आणि, तुमच्या यादीत नसलं तरी, बुडापेस्टमध्ये ६. विमानाचं तिकीट असं काढा की उतरायचं व्हिएन्नात आणि परतायचं बुडापेस्टहून. उलट मागे यायचा दिवस वाचतो. दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात आहेत, त्यामुळे मध्ये पासपोर्टची रांग नाही. दोघांमध्ये रेल्वेनं पावणेतीन तासांच्या आत पोचता येतं.

व्हिएन्ना या वयाला इतकी चांगली का, तर तिथे बाबागाडी घेऊन जाणारा माणूस कोणाला अडचण वाटत नाही. मेट्रोच्या सगळ्या स्टेशनांना लिफ्ट आहे. फक्त ती बहुधा फलाटाच्या एका टोकाला असते, म्हणून गाडीतून उतरलात की आधी पाटी बघा, गर्दीच्या मागे चालू लागू नका. ट्रामचा तळ रस्त्याला जवळजवळ टेकलेला असतो. बाबागाडीचं चित्र असलेल्या दारातून चढायचं. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. विमानतळावरून शहरात यायला कॅट नावाची खास गाडी आहे, तिची जाहिरात सगळीकडे दिसते. तिच्या मोहात पडू नका. रेलजेट नावाची नेहमीची रेल्वे जवळजवळ तेवढ्याच वेळात, बऱ्याच कमी पैशांत मुख्य स्टेशनला सोडते.

आणि बागा. शोनब्रून राजवाड्याच्या आवारातलं प्राणिसंग्रहालय १७५२ सालचं आहे, आजवर चालू असलेल्यांत जगातलं सगळ्यात जुनं. राजवाड्याच्या आतल्या दालनांसाठी तुमची मुलगी लहान आहे, ते सोडा. बाग फुकट आहे आणि प्राणिसंग्रहालयात एक अख्खी सकाळ जाते. प्राटरमध्ये १८९७ चा मोठा पाळणा आहे, पण त्याहून तिला १९२८ पासून धावणारी लिलिपुट रेल्वे आवडेल. छोटी गाडी, उघडे डबे, झाडांमधून फेरी. म्युझियम्स-क्वार्टियरमध्ये झूम नावाचं मुलांचं संग्रहालय आहे. त्यातला 'ओशन' हा भाग ८ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठीच आहे. वेळ ठरवून तिकीट घ्यावं लागतं, म्हणून पावसाच्या दिवसाची वाट न बघता आधीच आरक्षण करा.

बुडापेस्टमध्ये माझा पहिला सल्ला मेट्रोच्या ४ नंबरच्या मार्गाचा. ही २०१४ साली सुरू झालेली, चालकाविना धावणारी मेट्रो आहे. सगळ्या स्टेशनांना लिफ्ट आहे आणि तिची दोन टोकं म्हणजे केलेती आणि केलेनफोल्ड, जिथे व्हिएन्नाची रेलजेट थांबते. सगळ्यात पुढच्या डब्यात जाऊन काचेपाशी उभं राहायचं. दिव्यांची रांग अंगावर येते, बोगदा वळतो, लांबून स्टेशनचा उजेड आधी टिकलीएवढा आणि मग एकदम मोठा होतो. दोन वर्षांचं मूल काचेला नाक चिकटवून उभं राहतं, प्रत्येक स्टेशन आलं की मागे वळून सगळ्यांना बातमी देतं आणि दाराशी आलं की उतरायला नकार देतं. पंधराएक मिनिटांत हे टोक ते ते टोक. त्या एका तिकिटात जेवढा आनंद मिळतो तेवढा कुठल्याही राजवाड्यात मिळणार नाही. पाऊस असेल त्या दिवशी दोनदा जा.

दुसरं, बुडाच्या टेकड्यांमधली मुलांची रेल्वे. तिचा पहिला टप्पा १९४८ साली सुरू झाला. इंजिन मोठी माणसं चालवतात. तिकीट विकणं, तपासणं, सिग्नल ही कामं १० ते १४ वयाची मुलं गणवेशात करतात आणि गाडी सुटताना फलाटावर उभी राहून सलाम ठोकतात. सुमारे ११ किलोमीटरचा हा मार्ग जंगलातून जातो. तिसरं मार्गारेट बेट: डॅन्यूबच्या मधोमध अडीच किलोमीटर लांब बाग, संगीताच्या तालावर उडणारं कारंजं, छोटं प्राणिघर, पळायला मोकळं गवत. ४ आणि ६ नंबरच्या ट्राम पुलावर सोडतात आणि त्या सपाट तळाच्या आहेत. नदीकाठानं जाणारी २ नंबरची ट्राम देखणी आहे खरी, पण तिथे जुन्या, पायऱ्यांच्या गाड्याही धावतात, तेव्हा बाबागाडी दुमडायची तयारी ठेवा. गरम पाण्याच्या प्रसिद्ध स्नानगृहांची जाहिरात बघून मुलीला न्यायचा बेत केला असेल तर तो रद्द करा. ते पाणी एवढ्या लहान मुलांसाठी नाही. तुम्ही मोठे पाळीपाळीनं जा.

आता पॅरिस. "युरोपला जायचं आणि पॅरिस नाही?" हा प्रश्न घरात उठणारच, म्हणून दुसरी जोडी देऊन ठेवते: पॅरिस ८, ॲम्स्टरडॅम ६, मध्ये युरोस्टार ही वेगवान रेल्वे, साधारण साडेतीन तास. ही जोडीही चांगली आहे, फक्त थोडी दमवते. पॅरिसची जुनी मेट्रो म्हणजे जिनेच जिने. १४ नंबरचा मार्ग तेवढा सगळीकडे लिफ्टचा. म्हणून पॅरिसमध्ये बसनं फिरा. मधल्या दारानं उघडी बाबागाडी घेऊन चढता येतं, खिडकीतून शहरही दिसतं. आयफेल टॉवरवर चढायला रांगेत ताटकळू नका. चार वर्षांखालच्यांना पैसे पडत नाहीत म्हणून रांग चुकत नाही. टॉवर खालून बघा, इएना पुलाजवळच्या मेरी-गो-राउंडवर तिला दोन फेऱ्या द्या, झालं.

लक्झेंबर्ग बागेत मात्र दोनदा जा. मधल्या गोल तळ्यावर लाकडी शिडाच्या होड्या भाड्यानं मिळतात. हातात एक काठी देतात. होडी काठाला आली की काठीनं ढकलायची, वारा तिला पलीकडे नेतो आणि मूल तळ्याला वळसा घालून धावत तिच्या स्वागताला जातं. तुम्ही मागे धावता. तळ्याचा कठडा बुटका आहे, त्यामुळे मुलीचं जाकीट मागून धरायला एक माणूस लागतोच. बाजूचं खेळाचं मैदान कुंपणाचं आहे, त्याला थोडे पैसे पडतात आणि ते वसूल होतात, कारण आत मूल मोकळं सोडून तुम्ही पाच मिनिटं बसू शकता. जार्दिन दे प्लांत या वनस्पती बागेतही छोटं प्राणिसंग्रहालय आहे, १७९४ चं. तिथल्या मेरी-गो-राउंडवर घोड्यांऐवजी डोडोसारखे नामशेष झालेले प्राणी आहेत.

ॲम्स्टरडॅममध्ये डोळ्यांत तेल घालून राहायचं ते दोन गोष्टींसाठी. कालव्यांना बऱ्याच ठिकाणी कठडाच नसतो, आणि लालसर रंगाचा पट्टा हा सायकलींचा रस्ता असतो, फुटपाथ नव्हे. सायकली जोरात येतात आणि आवाज होत नाही. कालव्याकाठी मुलगी बाबागाडीत पट्ट्यानं बांधलेलीच बरी. मोकळं सोडायला फोंडेलपार्क आहे. मुख्य स्टेशनच्या मागून पलीकडच्या काठाला जाणारी बोट फुकट आहे. काही मिनिटांची फेरी, पण मुलांच्या दृष्टीनं ती जलपर्यटनच. कालव्यातल्या तासाभराच्या बोटीत मूल पंधराव्या मिनिटाला उठून उभं राहतं, म्हणून त्या पैशांचं दुसरं काही करा.

कोणतंही शहर घ्या, राहायची जागा निवडताना जो वेळ द्याल तोच पुढे उपयोगी पडणार आहे. हॉटेलची एकच खोली घेतलीत तर मुलगी साडेसातला झोपल्यावर तुम्ही तिघं अंधारात, कुजबुजत, फोनच्या उजेडात बसणार. दोन झोपायच्या खोल्या आणि स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. बागेपासून आणि ट्रामच्या थांब्यापासून पाच-सात मिनिटांवर असावं. प्रसिद्ध चौकापासून किती जवळ हे दुय्यम. व्हिएन्नात दुसऱ्या विभागात आउगार्टनच्या आसपास किंवा प्राटरस्टर्नच्या बाजूला बघा. आउगार्टन ही जुनी शाही बाग, तिच्यात खेळाचं मैदान आहे आणि दुसऱ्या महायुद्धातले दोन प्रचंड काँक्रीटचे विमानविरोधी मनोरेही उभे आहेत. घसरगुंडी आणि ते मनोरे एकाच बागेत बघून आधी जरा विचित्र वाटतं, मग सवय होते. अंधार पडला की दारं बंद होतात.

मजल्याच्या बाबतीत सावध. युरोपात तळमजला शून्य धरतात हे तुम्हाला माहीत असेल. व्हिएन्नाच्या जुन्या इमारतींत त्यावर कडी आहे: तळमजला, मग होखपार्टेरे, मग मेत्सानिन, आणि त्यानंतर पहिला मजला. म्हणजे जाहिरातीत 'पहिला मजला' लिहिलेलं घर उंच छतांचे दोन-तीन जिने चढून येऊ शकतं. लिफ्ट असली तरी ती कधी कधी अर्ध्या जिन्यावरून सुरू होते. म्हणून घरमालकाला "लिफ्ट आहे का" असं विचारू नका. "रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या चढाव्या लागतात" असं विचारा. आकडा आला की सासूबाईंना दाखवा आणि मगच पैसे भरा.

घरात शिरल्यावर सामान उघडायच्या आधी खिडक्या बघायच्या. तिथल्या खिडक्यांना गज नसतात आणि त्या आतल्या बाजूला सताड उघडतात. मूठ एका दिशेला फिरवली की पूर्ण उघडते, दुसऱ्या दिशेला फिरवली की फक्त वरून कलते. मुलगी जागी असेपर्यंत ती कललेलीच ठेवायची. खिडकीखाली सोफा, खुर्ची किंवा पलंग असेल तर पहिल्याच तासात सरकवून टाका. मग नळाचं गरम पाणी किती कढत येतं ते बघा, आणि मग बॅगा उघडा. प्रवासी पाळणा आधीच मागून ठेवा. तो आला की चादर मात्र तुमची, घरात वापरलेली, न धुतलेली अंथरा. ओळखीच्या वासानं पहिली रात्र सोपी जाते.

पूर्वेकडून युरोपात गेलेली मुलं पहिले तीन-चार दिवस पहाटे चार-साडेचारला टक्क जागी होतात. पालक त्यांना परत निजवण्याचा खटाटोप करतात आणि थकतात. त्यापेक्षा त्या वेळेचा फायदा घ्या. मे महिन्यात व्हिएन्ना-पॅरिसला साडेपाच-सहाला उजेड असतो. सहाला बाहेर पडा. ज्या चौकात दुपारी बाबागाडी ढकलायला जागा नसते तिथे त्या वेळी फक्त कबुतरं आणि रस्ते धुणारी गाडी असते. आणि रस्ते धुणारी गाडी हा तुमच्या मुलीसाठी कॅथेड्रलपेक्षा मोठा देखावा आहे. तोवर बेकरी उघडते, ताजा पाव मिळतो. शहराचे सगळ्यात सुंदर फोटो याच दिवसांत निघतात. संध्याकाळी मात्र उलट अडचण. मेच्या अखेरीस पॅरिसला साडेनऊनंतरही उजेड असतो, मुलाला रात्र झाली हे पटत नाही. जाड पडदे किंवा बाहेरची झडप असलेलं घर शोधा. नसेल तर काळं कापड आणि चिकटपट्टी बरोबर ठेवा, दिसायला गबाळं पण काम करतं.

दिवसाची आखणी एवढीच ठेवा: झोपेआधी मोठ्यांचं एक ठिकाण, झोपेनंतर मुलीचं एक. नऊ-दहाला जे उघडतं ते उघडतानाच गाठायचं, तासा-दीड तासात बाहेर पडायचं, पंधरा-वीस मिनिटं तिला पळू द्यायचं, पावणेबारा-बाराला जेवण आणि एकच्या आत घरी. तीनला उठली की बाग, सातला परत. "झोप बाबागाडीत काढू" ही योजना एक दिवस चालते, दोन दिवस चालते, तिसऱ्या दिवशी तिची अर्ध्या तासाची डुलकी होते आणि संध्याकाळ हातची जाते. निदान दर दुसऱ्या दिवशी पलंगावर झोप द्या. राहायची जागा मध्यवर्ती हवी ती याचसाठी, वीस मिनिटांत घरी पोचता यायला हवं.

मग संग्रहालयं कधी बघायची? रात्री, आणि एकेकट्यानं. पॅरिसचं ओर्से गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं, लूव्रही बुधवारी आणि शुक्रवारी नऊपर्यंत. व्हिएन्नाचं कुन्स्टहिस्टोरिशेस गुरुवारी नऊपर्यंत. व्हिएन्नाच्या ऑपेरात उभं राहून बघायची स्वस्त तिकिटं मिळतात. एक अंक बघून निघून आलात तरी मनाला लागत नाही. एका रात्री तुम्ही, एका रात्री तुमचे यजमान, आणि सासूबाई तयार असतील तर एक रात्र दोघं. त्यांना ही जबाबदारी निघण्याआधी विचारून द्या, तिकडे जाऊन गृहीत धरू नका. त्यांनाही एक सकाळ पूर्ण सुट्टी हवी, कॉफीहाउसमध्ये बसून केक खायला. व्हिएन्नाचं कॉफीहाउस हे तासभर बसायचंच ठिकाण आहे. कोणी उठवत नाही.

खाण्याचं बघू. युरोपात जेवणाच्या वेळा मुलांच्या वेळांशी जुळत नाहीत. पॅरिसमध्ये स्वयंपाकघर साधारण बारा ते दोन चालतं आणि रात्री सातनंतर उघडतं. आणि तुमच्या मुलीला सहाला भूक लागते. म्हणून बाहेरचं मुख्य जेवण दुपारी घ्या, दुपारचा ठरावीक मेन्यू स्वस्तही पडतो, आणि रात्रीचं घरी करा: भात, अंडं, दही, लोण्यातला पास्ता, केळं. हॉटेलात बसताना आधी हाय चेअर आहे का विचारा, आणि मुलीचं जेवण तुमच्या आधी आणायला सांगा. तुम्ही शाकाहारी असाल तर ऑस्ट्रियातल्या स्वच्छ पिवळ्या सूपपासून जपा: वर पॅनकेकच्या पट्ट्या तरंगत असतात, दिसायला निरुपद्रवी, पण खालचा रस्सा बीफचा असतो. काइझरश्मार्न हा गोड, तुकडे केलेला पॅनकेक मुलांना फार आवडतो; मनुका रममध्ये भिजवल्या आहेत का तेवढं विचारून घ्या.

दूध, दही, फळं यांची चिंता नको. बाळांच्या खाण्याच्या बरण्या आणि पाउच किराणा दुकानात आणि डीएमसारख्या साबण-शाम्पू-डायपरच्या दुकानात रांगेनं असतात, वर महिन्यांचा आकडा छापलेला. डायपर दोन-तीन दिवसांचे न्या, बाकी तिथे घ्या. पाकिटावर किलोचा हिशोब असतो. डीएमच्या बऱ्याच दुकानांत डायपर बदलायचं टेबल असतं आणि तिथे ठेवलेले डायपर आणि वाईप्स फुकट वापरता येतात, हे कळल्यावर लोक मला दुवा देतात. व्हिएन्ना आणि बुडापेस्ट, दोन्हीकडे नळाचं पाणी प्यायचं. व्हिएन्नाचं तर थेट डोंगरातल्या झऱ्यांतून येतं. एक गोष्ट लक्षात ठेवा: ऑस्ट्रियात रविवारी आणि सणाच्या दिवशी किराणा दुकानं बंद. मे महिन्यात १ मे असतो, शिवाय असेन्शनचा गुरुवार, आणि व्हिट मंडे मेमध्ये किंवा जूनच्या सुरुवातीला. दूध संपलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं उघडी सापडतात.

बाबागाडी हलकी, एका हातानं दुमडणारी, पाठ पूर्ण आडवी होणारी घ्या, पण चाकं अगदी बोटभर नकोत. सोबत अंगावर बांधायचं कॅरियर हवंच. मुलगी अकरा-बारा किलोची असेल, तरी जिन्यावर आणि शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला त्याचाच आधार. टॅक्सीत मुलांची सीट असेलच असं नाही, म्हणून आरक्षण करतानाच मागा, नाहीतर सरळ रेल्वे धरा.

रेलजेटमध्ये कुटुंबांसाठी वेगळा भाग असतो, तिथे लहान पडद्यावर मुलांचे कार्यक्रम लागतात. सहा वर्षांखाली तिकीट नसतं, म्हणून हक्काची जागाही नसते. थोडे युरो जातील, पण चौघांच्या चार जागा एकत्र आरक्षित करा आणि गाडी साडेबाराच्या आसपासची निवडा. झोपेची वेळ चालत्या गाडीत आली तर शहर बदलायच्या दिवसातली अर्धी अडचण तिथेच संपते. बॅगा माणशी एकच. मुलगी कडेवर असताना तुमच्या हाताला दुसरी बॅग ओढता येत नाही.

तब्येतीचं थोडक्यात. तापाचं औषध तुमच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे डोस लिहून घेऊन इथूनच न्या. तिथल्या बाटल्यांत औषधाचं प्रमाण वेगळं असू शकतं, म्हणून 'पाच मिली म्हणजे पाच मिली' असं धरू नका. पॅरिस-बुडापेस्टला हिरवा क्रॉस दिसला की ते औषधाचं दुकान, ऑस्ट्रियात मात्र लाल 'A' ची पाटी शोधा. ऑस्ट्रियात १४५० वर फोनवरून वैद्यकीय सल्ला मिळतो, आणि आणीबाणीला सगळ्या युरोपीय संघात ११२. एक गोष्ट पाहुण्यांना कोणी सांगत नाही: ऑस्ट्रिया आणि हंगेरीत उंच गवतात, झाडीत गोचीड असतात आणि ते मेंदूज्वर पसरवू शकतात. मुलांच्या रेल्वेच्या बाजूच्या जंगलात फिरलात तर रात्री आंघोळीच्या वेळी कानामागे, मानेवर, गुडघ्यामागच्या घडीत आणि जांघेत नजर टाका. लसीबद्दल डॉक्टरांशी निघण्याच्या बरंच आधी बोला.

राहिलं विमान. मुलगी निघताना २३ महिन्यांची आहे, म्हणजे प्रवास थोडा पुढे गेला तर परतीच्या दिवशी ती दोन वर्षांची झालेली असेल. दोन पूर्ण झाली की मांडीवरचं तिकीट चालत नाही, तिला स्वतःची सीट लागते. तारखा जुळवून पैसे वाचवायचा मोह होईल. तरी मी दोन्ही बाजूंना सीट घ्या म्हणेन. विमानातल्या भिंतीला लावायच्या पाळण्यात ती आता मावणार नाही, आणि रात्रभर बारा किलो मांडीवर घेऊन उतरलेला माणूस पहिले दोन दिवस कोणाच्याच कामाचा नसतो. बाळाचं दूध आणि खाणं १०० मिलीच्या मर्यादेतून वगळलेलं असतं, प्रवासापुरतं नेता येतं. तपासायला वेगळं काढून दाखवायचं. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंदणी सुरू झाली आहे. बारा वर्षांखालच्यांचे ठसे घेत नाहीत, फोटो घेतात. रांग लांबली तर हाताशी खाऊ आणि कोरडा कपडा हवा. लहान मुलांसाठी वेगळी रांग आहे का हे कर्मचाऱ्यांना विचारायला लाजू नका. व्हिसाचा अर्ज मुलीचाही स्वतंत्र करावा लागतो, सहा वर्षांखाली शुल्क नाही, विमा मात्र किमान ३०,००० युरोचा हवा.

आरक्षणाचा क्रम असा ठेवा: आधी विमान, मग दोन घरं (दोन्ही ठिकाणी रद्द करता येणारं), मग व्हिएन्ना-बुडापेस्ट गाडीच्या जागा, आणि झूमचं तिकीट. ऑपेराचं, संग्रहालयांचं आणि बाकी सगळं तिथे पोचल्यावर, मुलीची झोप तिकडच्या वेळेला बसली की ठरवा. घरमालकाला पायऱ्यांचा आकडा विचारायचं मात्र आजच करा. जागा चांगली असेल तर मे महिन्यासाठी ती लवकर जाते.